आंग्र्यांची गुराब चितारताना तोफांच्या या चुका टाळा

गुराब म्हणजे आंग्र्यांच्या आरमारातलं मोठं लढाऊ जहाज. आंग्र्यांची गुराब म्हणून फिरणाऱ्या बऱ्याच चित्रांत दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा असतात आणि नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, काहीच नसतं. भगवा काढून घेतला, तर इंग्रजी जहाज म्हणून सहज खपेल! बाजूला तोफा होत्याच, पण 6 ते 9 पौंडी. मोठ्या, म्हणजे 9 ते 12 पौंडी तोफांची जोडी पुढे रोखलेली असे.

ही जोडी दाखवायची म्हणून काही जण तोफा थेट नाळेच्या टोकावर नेऊन ठेवतात. तेही चूकच. गुराबेची नाळ लांब, पुढे झेपावलेली. समोरून लाटा आल्या की जहाज जोरात गोते खायचं. म्हणून नाळेवरच्या डेकला कठडाच नसे. आलेलं पाणी तसंच वाहून जाई. अशा जागी दारू कोरडी कशी राहणार? तोफा मागे, मुख्य डेकवर, एका आडव्या भिंतीआड असत. भिंतीतल्या झरोक्यांतून गोळा नाळेवरून पुढे जाई. मॉडेल करत असाल तर आधी ही भिंत बसवा.

पौंडांचाही घोळ होतो. 9 पौंडी म्हणजे गोळा 9 पौंडांचा, साधारण 4 किलोचा. लांब नळीची अशी तोफ स्वतः टनाहून जड भरते. पुढे चार-सहा तोफा ठोकून देण्याआधी एवढा हिशेब करा.

लढाईच्या दृश्यात दोन जहाजं शेजारी शेजारी काढू नका. आंग्र्यांच्या गुराबा सावजाच्या पिछाडीला जमत. वारा पडला तर गलबतं, म्हणजे सोबतच्या वल्ह्यांच्या होड्या, वल्ही मारत त्यांना ओढून नेत. पहिला मारा लांबूनच, तोही डोलकाठ्यांवर. सावजाच्या तिन्ही डोलकाठ्या एकदम नजरेत आल्या की बार काढायचा, म्हणजे एक नाही तर दुसरी सापडते. त्यामुळे सावज किंचित तिरकं काढलेलं बरं.

पळणाऱ्या जहाजालाही मागे तोफा द्या, सुकाणूच्या दोन्ही अंगांना. बाजूच्या तोफा डागायच्या तर जहाज वळवावं लागतं, आणि वळलं की तोडलेलं अंतर हातचं जातं.

आणि डोलकाठ्या उभ्या असताना गलबतांतले लोक तलवारी उपसून जहाजावर चढताना दाखवू नका. आधी डोलकाठ्या पाडायच्या, मग जवळ जाऊन चहूबाजूंनी भडिमार करायचा, आणि तरीही जहाज शरण आलं नाही, तरच गलबतं भिडत.