बारावीचं समाजशास्त्र : उदाहरण गावचं, भाषा विषयाची

समाजशास्त्र म्हणजे 'गोष्टी लिहिल्या की मार्क' हा गैरसमज आधी काढून टाका. लेखी पेपर 80 गुणांचा, वेळ तीन तास. शेवटची पंधरा मिनिटं तपासायला ठेवली, तर एका गुणाला साधारण दोन मिनिटं मिळतात. म्हणजे चार गुणांचं उत्तर आठ मिनिटांत आटपायला हवं.

मार्क जातात ते संकल्पनेच्या प्रश्नात. 'नागरीकरण' आलं की आपल्याकडची मुलं लिहितात, 'गावातले लोक मुंबईला गेले.' हे झालं स्थलांतर. नागरीकरणात शहरी लोकसंख्येचं प्रमाण वाढतं आणि शहरी जीवनपद्धती पसरते. या दोन्ही गोष्टी उत्तरात हव्यात. आधी दोन ओळींत व्याख्या, मग उदाहरण : देवगडजवळच्या वाडीतला तरुण नोकरीसाठी मुंबईला जातो, एकत्र घर सोडून छोट्या खोलीत विभक्त कुटुंब थाटतो, जातीने ठरलेला धंदा सुटतो, गणपतीला चाकरमानी म्हणून येतो तेव्हा ती राहणी गावातही आणतो. शेवटी हे उदाहरण व्याख्येला जोडणारं एक वाक्य. बहुतेकांचं नेमकं तेच राहून जातं.

जातिव्यवस्थेसाठी समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी सांगितलेली सहा वैशिष्ट्यं पाठ हवीत (घुर्ये मूळचे मालवणचे, तेव्हा निदान त्यांना तरी विसरू नका!) : खंडात्मक विभाजन (समाजाची वेगवेगळ्या जातगटांत विभागणी), उतरंड, खानपान व सहवासावरील बंधनं, नागरी-धार्मिक निर्बंध व विशेषाधिकार, व्यवसायावर बंधन, विवाहावर बंधन. पुस्तक मिटून लिहायला बसलात की हमखास चौथं सुटतं. ते महाडच्या चवदार तळ्याशी जोडा. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांनी ज्या पाण्याचा हक्क बजावला, ते पाणी नाकारणं हाच नागरी निर्बंध. सामाजिक चळवळींच्या धड्यातही हेच उदाहरण चालतं.

फरकाच्या प्रश्नात दोन स्वतंत्र परिच्छेद लिहू नका. एकेक मुद्दा समोरासमोर ठेवा : अर्थ, स्वरूप, उदाहरण. 'चूक की बरोबर' मध्ये पहिल्याच ओळीत निकाल द्या, मग कारणं. कारणांशिवाय नुसता निकाल लिहिला तर गुण जवळपास मिळत नाहीत.

प्रकल्पाचे 20 गुण वेगळे. त्यासाठी विषय छोटा घ्या. 'कोकणातील मच्छीमार' झेपणार नाही. एकाच बंदरावरच्या पंधरा मासेविक्रेत्या बायकांचा दिवस, दहा ठरलेले प्रश्न, एवढं पुरे. लिलाव संपल्यावर जा. लिलाव चालू असताना तुमच्याशी बोलायला कोणाला फुरसत नसते.