कुरकुर गाडीची आणि कुरकुर मालकाची: परवडणाऱ्या स्पोर्ट्स कारच्या केबिनमध्ये या चुका टाळा

'कुरकुर' हा शब्द आपल्याकडे फार सोयीचा आहे. डॅशबोर्ड करतो तीही कुरकुर आणि मालक करतो तीही. बेताच्या किमतीची स्पोर्ट्स कार घेतली की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत दोन्ही सुरू होतात. गाडी वळणावर नुसत्या मनगटाच्या इशाऱ्याने फिरते, गिअर खटकन पडतो, सगळं झकास. पण बाटली ठेवायला जागा नाही, मोबाइल घसरतो, दारातून कुठून तरी टकटक येते आणि स्क्रीन मनाला येईल तेव्हा रुसते.

या तक्रारी खऱ्या आहेत, त्यात मालकाचा नखरा नाही. अशा गाडीचा पैसा गिअरबॉक्स, सस्पेन्शन आणि मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या सामग्रीत जातो, वजन वाचवायला आवाज दाबणारे थर कमी घातले जातात आणि जे उरतं त्यात केबिन बसवलं जातं. माझं म्हणणं एवढंच की या किरकोळ दुखण्यांपायी आपण जे उपाय करतो, ते बहुतेक वेळा दुखण्याहून महाग पडतात. यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्या आहेत, म्हणून जरा अधिकारवाणीने सांगतो.

खडखडीच्या मागे पाना घेऊन धावू नका

माझ्या गाडीत उजव्या कानामागे एक बारीक 'टिक-टिक' यायची. खराब रस्त्यावर नाही, बऱ्यापैकी गुळगुळीत रस्त्यावर, तेही ठरावीक वेगाला. मी दाराचं पॅनल उघडलं. तीन क्लिपा तुटल्या. आवाज तसाच. मग सीटमागचं प्लास्टिक काढलं, आत फेल्टची पट्टी चिकटवली, परत बसवलं. आता टिक-टिक होतीच, वर तुटक्या क्लिपांमुळे दार थरथरायला लागलं. तिसऱ्या रविवारी चाकाची हवा तपासायला डिकी उघडली तेव्हा हत्यारांच्या कप्प्यात व्हील लॉकची, म्हणजे चाकाच्या चोरीविरोधी नटाची चावी सुटी पडलेली दिसली. नटाएवढा लोखंडी तुकडा. फडक्यात गुंडाळला, आवाज बंद.

छोट्या गाडीत आवाजाची दिशा फसवते, हे तेव्हा कळलं. डिकी पाठीपासून हातभर अंतरावर असते आणि मधे पत्रा सोडला तर फारसं काही नसतं. म्हणून काहीही उघडण्याआधी गाडी पूर्ण रिकामी करा: दारातले कप्पे, सीटखालची जागा, डिकी, चष्म्याची डबी, चिल्लर, सगळं. तशीच एक फेरी मारा. त्यानंतरही आवाज राहिला तर शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा बकलमध्ये अडकवून पाहा. पट्ट्याची धातूची जीभ प्लास्टिकवर आपटणं हे दोन दारांच्या गाड्यांतलं नेहमीचं प्रकरण आहे. तेही नसेल तर शेजारी कुणाला तरी बसवा आणि गाडी चालू असताना त्याला एकेक ट्रिम, म्हणजे आतलं प्लास्टिकचं आवरण, तळहाताने दाबायला सांगा. ज्या ठिकाणी दाबल्यावर आवाज थांबतो तिथेच काम आहे. चालवणाऱ्याने हे स्वतः करू नये. खडखड शोधताना पुढच्या गाडीचा बंपर सापडतो.

जागा सापडलीच, तर दोन प्लास्टिकच्या मधे कापडी टेपची पातळ पट्टी पुरते. फोम कोंबू नका. जाड फोममुळे पॅनल पूर्ण बसत नाही, क्लिपांवर ताण येतो आणि महिन्याभरात नवी खडखड जन्माला येते. पॅनल उघडायचंच असेल तर प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रू ड्रायव्हर नको, आणि नव्या क्लिपा आधी आणून ठेवा. जुन्यांपैकी एखादी तुटणारच असं धरून चाला.

बिनचौकटीची काच

बऱ्याच स्पोर्ट्स कारच्या दाराला काचेभोवती चौकट नसते. हँडल ओढलं की काच बोटभरसुद्धा नाही, किंचित खाली सरकते आणि दार लावल्यावर वर जाऊन रबरात बसते. बॅटरी काढून परत लावली की काही गाड्या ही सवय विसरतात. मग मालक काय करतो, तर दार जोरात आपटतो. काचेची कड रबराला घासते, रबर दुमडतं आणि पुढच्या पावसात खांद्यावर थेंब पडतो. त्यात काही बिघडलेलं नसतं. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण खाली घ्यायची, पूर्ण वर न्यायची आणि वर गेल्यावरही बटण दोन-तीन सेकंद तसंच धरून ठेवायचं, एवढ्यावर काम होतं. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात असते. तेवढं एक पान वाचा.

काचेच्या कडेने वारा शिट्टी मारत असेल तर आधी रबर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करा. रबरावरची धूळ हेच निम्म्या कुरकुरीचं मूळ असतं. नंतर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. व्हॅसलीन किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारू नका. पेट्रोलियमच्या पदार्थांनी असलं रबर फुगतं, मऊ पडतं. सुरुवातीला आवाज जातो, म्हणून आपण खूश होतो.

कप, बाटली, मोबाइल

सर्वात जुनी तक्रार ही. माझदा एमएक्स-५ या दोन सीटांच्या, छत उघडणाऱ्या स्पोर्ट्स कारच्या सध्याच्या म्हणजे एनडी पिढीत कप होल्डर काढता-घालता येतात, पण त्यांची मूळ जागा कोपराच्या मागे आहे. कप उचलायचा तर हात पाठीमागे पिळावा लागतो. त्यातला एक काढून शेजारच्या माणसाच्या गुडघ्यापाशी लावता येतो. समोर नेहमीचा ग्लोव्ह बॉक्स नाही, कुलूप लागणारा कप्पा दोन सीटांच्या मधे, मागे. डिकी साधारण १३० लिटरची. एवढ्याशा जागेत ही वस्तू ठेवायची तर ती काढायची, असा संसार चालतो.

इथली पहिली चूक म्हणजे एसीच्या झडपेला अडकवायचे होल्डर. भरलेल्या बाटलीचं वजन त्या नाजूक पात्यांनी पेलण्यासारखं नसतं. पातं तुटलं की अख्खी झडप बदलावी लागते. जड मोबाइलचंही तेच. दुसरी चूक धोक्याची आहे: बाटली सीटच्या बाजूला टेकवून ठेवणं. ब्रेक दाबल्यावर ती घरंगळते आणि पेडलखाली जाते. अशा गाडीत पाय ठेवायची जागा अरुंद, पेडल जवळजवळ. तिथे बाटली अडकली तर ब्रेक पूर्ण दाबला जाणार नाही. उंच बाटली गिअरच्या दांड्याजवळही नको. तिसरा गिअर टाकताना कोपर लागतं आणि गोड सरबत खिडकीच्या बटणांत उतरतं. ती बटणं नंतर चिकटतात ती कायमची.

सीट

'सीटवर पाठ दुखते' म्हणणाऱ्या दहाजणांपैकी निदान काहींनी सीट चुकीची लावलेली असते. गाडी बुटकी म्हणून माणूस सीट मागे ढकलतो, पाठ आडवी करतो आणि मग हात ताणून चालवतो. क्रम उलटा हवा. आधी क्लच पूर्ण दाबा. गुडघा तेव्हाही थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मग पाठ उभी करा, इतकी की खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर ठेवता येईल. एनडी एमएक्स-५ मध्ये स्टिअरिंग पुढे-मागे सरकत नसल्याची तक्रार रास्त होती. २०१९ च्या मॉडेलपासून ती सोय आली. जुनी गाडी असेल तर तडजोड पायाकडून करा, म्हणजे सीट आणखी एक खाच पुढे.

जाड उशी घालू नका. अचानक ब्रेक लागला तर शरीर उशीसकट पुढे घसरतं आणि कमरेचा पट्टा पोटावर येतो. सरसकट मिळणारी सीट कव्हरही नकोत, कारण बऱ्याच गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतच शिवलेली असते. आणि सीट उंच वाटते म्हणून घरी काढायला बसलात, तर खालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात हे ध्यानात ठेवा. बॅटरीची तार न काढता त्यांना हात लावायचा नाही. ते सुटे असताना नुसती इग्निशन चालू केली तरी एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो गाडीचे बिघाड वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय सहसा जात नाही.

शेजारच्या सीटवर बॅग ठेवली की पट्ट्याची घंटी वाजते, ही आणखी एक रड. त्यावर बाजारात बकलमध्ये घालायची खोटी जीभ मिळते. ती घेऊ नका. उद्या तिथे माणूस बसला तर त्याने पट्टा लावलेला नाही हे गाडीला कळणारच नाही. बॅग खाली पायाशी ठेवा, किंवा बॅगेला खरोखरच पट्टा लावा. दिसतं विनोदी, पण वळणावर बॅगही जागची हलत नाही.

रुसणारी स्क्रीन, आणि खरा गुन्हेगार

स्क्रीन मधेच बंद होते, घड्याळ मागे पडतं, काच आपोआप वर जायचं विसरते, चावी खिशात असून गाडी 'चावी नाही' म्हणते. चार वेगळ्या तक्रारी वाटतात. अशी यादी कुणी वाचून दाखवली की मी आधी विचारतो, गाडी आठवड्यातून किती वेळा चालते? स्पोर्ट्स कार बहुधा घरातली दुसरी गाडी. बॅटरी लहान, गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी, आणि उभ्या गाडीतही अलार्म, चावीचा रिसीव्हर वगैरे मंडळी थोडी थोडी वीज खातच असतात. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मीटर लावा. साधी लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसेल. १२.२ दिसलं तर ती जेमतेम अर्धी आहे. स्क्रीन बदलायच्या आधी हे तपासा. गाडी उभीच राहणार असेल तर बॅटरी राखणारा छोटा चार्जर लावून ठेवणं उत्तम. रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवल्याने बॅटरी भरत नाही. स्टार्टला गेलेली वीजही नीट भरून निघत नाही.

चावीचा प्रश्न त्यानंतरही उरला तर आतला नाण्याएवढा सेल बदला आणि चावी मोबाइलला चिकटवून ठेवू नका. मोबाइल स्क्रीनला जोडला जात नसेल तर जुन्या जोडणीची नोंद दोन्हीकडून काढून टाका, फोनमधूनही आणि गाडीतूनही. एकाच बाजूने काढून तासभर झटापट करणारे पुष्कळ पाहिलेत. केबल फक्त चार्जिंगची तर नाही ना, तेही बघा.

एनडी पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांत गाडी चालू लागली की स्क्रीनचा स्पर्श बंद होतो आणि गोल नॉबवर काम भागवावं लागतं. लोक चिडतात आणि कुठून तरी मिळालेलं सॉफ्टवेअर आत भरतात. ते अर्ध्यावर अडकलं तर स्क्रीन कंपनीच्या चिन्हावरच घुटमळत राहते. नॉबची सवय आठवड्यात होते, आणि बुटक्या गाडीत रस्त्यावरची नजर न काढता तो फिरवता येतो, हे मान्य करायला मला मात्र बराच वेळ लागला.

पॉलिश

डॅशबोर्डवर चकचकीत पॉलिश मारलं की दुपारी त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत दिसतं. या गाड्यांची काच जास्त तिरपी, त्यामुळे त्रासही जास्त. स्टिअरिंगवर तर काहीही चोपडू नका. सॅनिटायझर लावलेले ओले हात चामड्याचा रंग उडवतात. हात कोरडे होऊ द्या. अल्कंटाराला, म्हणजे मखमली चामड्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम कापडाला, चामड्याचं क्रीम लावलं की त्याचे तंतू चिकटून बसतात. तिथे मऊ ब्रश आणि जेमतेम ओलं फडकं.

कापडी छत

छत ओलं असताना खाली दुमडू नका, ओल आत राहते आणि बुरशी धरते. दुमडण्याआधी सीटमागे जॅकेट, छत्री काही राहिलेलं नाही ना, बघा. छताची काच त्यावरच दाबली जाते. १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये मागची खिडकी प्लास्टिकची होती आणि छत पाडण्याआधी तिची चेन उघडावी लागे. कंटाळा केला की प्लास्टिकला पडलेली घडी पांढरी पडायची. दुसऱ्या पिढीपासून तिथे काच आली.

केबिनमध्ये कुबट वास येतो, गालिचा ओला लागतो, तर लोक सुगंधी डबी लटकवतात. आधी छताच्या मुळाशी, सीटमागे दोन्ही बाजूंना असलेली पाणी निचऱ्याची भोकं शोधा. तिथे पानं आणि माती साचते, पाणी आत वळतं आणि पुढे दाराखालच्या उंबऱ्याचा पत्रा आतून गंजतो. तार खुपसू नका, आतली नळी फाटते. जोराची हवाही नको, नळी जोडातून निसटते. गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी हलक्या हाताने घाला, फिरवा, मग वाटीभर पाणी हळूहळू ओता. एकाने वर ओतायचं, दुसऱ्याने वाकून गाडीखाली मागच्या चाकाच्या आसपास बघायचं. पाणी तिथे लगेच पडलं पाहिजे. रेंगाळून थेंब थेंब आलं, तर दोरी पुन्हा घाला.