उदास डिटेक्टिव्ह सिरीज पाहाची असेल तर आधी हे करा

राजेहो, दिवसभर कापूस वेचून पाठ धरलेली, रात्री दीड जीबी डेटा जपून जपून गंभीर डिटेक्टिव्ह सिरीज पाहाची आणि शेवटी खुनी कोण तेच सांगत नाही, जीव तुटते खरंच.

म्हणून सिझनमधे केस पुरी होते का ते आधी पाहून घ्या. 'द किलिंग'चा २०११ चा अमेरिकन सिझन, १३ भाग पाहूनही खुनी कळत नाही, तो दुसऱ्या सिझनच्या शेवटी कळते, तर दोन्ही डाऊनलोड करूनच बसा.

नाव तेच म्हणून नवा सिझन तसाच राहील असं धरू नका. 'ट्रू डिटेक्टिव्ह'च्या २०१४ च्या पहिल्या सिझनचे आठही भाग एकाच दिग्दर्शकाचे, २०१५ चा दुसरा वेगवेगळ्या दिग्दर्शकांचा, कथा नवी, नट नवे. मी पहिल्याच्या आशेनं बसलो न् चौथ्या भागात फोन उलटा ठेवला, लई वाईट वाटलं.

दोन भाग झाले, नुसता पाऊस न् सिगरेट, तपास इंचभर सरकला नाही, तर सोडून द्या. उदासी चालते मले, पण दर भागात एक तरी नवी गोष्ट कळलीच पाहिजे.

आणि अंधार. ओसरीतला बल्ब स्क्रीनवर चमकते, मग चिखलातला बुटाचा ठसा, ज्याच्यावर पुढची सारी केस उभी, तोच दिसत नाही. बल्ब बंद करा, ऑटो ब्राइटनेस काढून उजेड हातानं वाढवा, इअरफोन घाला, सबटायटल लावा, पोलीसवाले तोंडातल्या तोंडात बोलतात.