दिव्यांग अनुदानाचा अर्ज फेटाळला? अपील लिहिण्याआधी या चुका टाळा

रविवारी सकाळी मी कळव्यात लोकांना अर्ज लिहून देतो. दिव्यांगांना दरमहा अनुदान देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज नामंजूर झाला की मंडळी येतात आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणतात, "दादा, एक कडक अपील लिहा." अहो, आधी कागद तर दाखवा!

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे नकार नेमका कशामुळे आला, हेच कोणी बघत नाही. दिव्यांगत्वाची टक्केवारी डॉक्टर ठरवतात. ती 40च्या खाली असेल तर तहसील कार्यालयात दहा हेलपाटे घालून काही होणार नाही. डॉक्टरांचा निर्णय चुकला असेल तर दाद प्रमाणपत्राविरुद्ध मागायची, 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 खाली. मुदत असते, म्हणून पत्रावरची तारीख आधी बघा.

दिघ्याचे एक काका आले होते. कंपनीत मशीनमध्ये पाय सापडलेला. हातात 20 टक्क्यांचं पांढरं दिव्यांग कार्ड (40च्या खाली असलं की पांढरं) आणि घरच्या हलाखीचा तीन पानी अर्ज. मी वाचत असताना ते मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघत होते.

"काका, उजव्या डोळ्याला काय झालं?"

"तो लहानपणीच गेला, विटीदांडू खेळताना. त्याचं काय सांगायचं?"

प्रमाणपत्राच्या अर्जात त्यांनी फक्त 'अस्थिव्यंग'वर खूण केली होती, म्हणून तपासणी पायाचीच झाली. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा चांगला असेल तर 30 टक्के धरतात. पण 30 आणि 20 मिळून सरळ 50 होत नाहीत. 90मधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं, 90ने भागायचं आणि आलेलं मोठ्यात मिळवायचं. झाले 43! म्हणजे इथे अपील नकोच होतं. दोन्हींची एकत्र तपासणी करा, एवढा अर्ध्या पानाचा अर्ज पुरला. यथावकाश 40च्या वरचं पिवळं कार्ड आलं. ती तीन पानं कोणी वाचलीही नसती.

दुसरं दुखणं, "साहेब नाही म्हणाले." कोणते साहेब, कधी? तोंडी नकाराविरुद्ध अपिलात लिहिणार काय? लेखी मागा. देत नसतील तर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात आपल्या अर्जावरच्या शेऱ्यांची प्रत मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती नेतो आणि दुसरीवर आवक शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडत नाही. मागची रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

अर्ज कुठल्या तहसीलात द्यायचा, तेही बघा. खारघर, कामोठेवाल्यांनो, पत्त्यात नवी मुंबई असली तरी तुमचं तहसील पनवेल, जिल्हा रायगड. ऐरोली, वाशी, बेलापूर मात्र ठाणे तहसीलात.

दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000 आहे. दाखल्यात आकडा चुकला असेल तर आधी दाखला दुरुस्त करून घ्या.

प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्याची मुदत संपली नाही ना, तेही बघा.

आणि "टक्के वाढवून देतो" म्हणणारे एजंट. महिन्याच्या 2,500 रुपयांच्या आशेने लोक त्यांच्या हाती मूळ कागद देतात. घणसोलीच्या एका ताईंचं मूळ प्रमाणपत्र असंच अडकलंय. पावती नाही, आणि तो एजंट आता फोनही उचलत नाही.