घरी शिकणाऱ्या मुलांना मराठी साहित्य आणि निबंध शिकवताय? या चुका टाळा

दर शनिवारी सकाळी माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती सात-आठ मुलं बसतात. वय चौदा ते सतरा. कुणीच शाळेत जात नाही. एखादी एनआयओएसची (शाळेत न जाता देता येणारी, मुक्त शाळेची) दहावी द्यायच्या बेतात असते, एखाद्याच्या घरी परीक्षा हा शब्दच वर्ज्य. मुलं मला काकू म्हणतात आणि माझ्याशी बिनधास्त भांडतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. चुका करतात ते आईबाबा. दरवर्षी नवे आईबाबा, चुका मात्र त्याच.

पुस्तकाआधी सारांश

ही माझी सगळ्यात नावडती. मागे आम्ही ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचायला घेतली. जाडजूड कादंबरी, भाषा जुनी. एका मुलाच्या बाबांना वाटलं, पोराला एकदम झेपायचं नाही. त्यांनी रात्री जागून तक्ता केला: पात्रं, सामाजिक प्रश्न, संदेश. वर एक व्हिडिओही दाखवला. पुढच्या शनिवारी मुलगा तीन पानी निबंध घेऊन हजर. ‘केशवपनाच्या दुष्ट रूढीवर या कादंबरीत घणाघाती प्रहार केला आहे.’ अक्षर सुंदर, समास सोडलेला.

मी विचारलं, “यमूला मुंबईत काय आवडायचं रे?” गप्प. “बरं, शंकरमामंजी बोलतो कसा?” पुन्हा गप्प. मग म्हणाला, “ते तक्त्यात नव्हतं, काकू.”

त्याचा काय दोष? केशवपन, म्हणजे विधवा झालेल्या यमूचं डोकं भादरणं, येतं ते कादंबरीच्या अखेरीकडे. त्याआधी कितीतरी पानं आपण यमूबरोबर माहेरी असतो, सासरी धाक सोसतो, मुंबईत नवऱ्याबरोबर तिचे चार सुखाचे दिवस बघतो. ते दिवस वाचलेच नाहीत, तर शेवटचा वस्तरा कुणाला लागणार? तक्त्यात राहते ती रूढी. यमू गळून पडते.

हरिभाऊ आपट्यांनी ही गोष्ट १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने छापली होती. मीही तशीच वाचायला लावते. आठवड्याला दोन प्रकरणं, पुढे पळायचं नाही, शनिवारी एकाने मोठ्याने वाचायचं. “इतक्या हळू गेलं तर वर्षात पुस्तकं किती होणार?” असं बाबा विचारतात. तीन होतात. कधी चार. ज्यांना यादी लांब करायची असेल त्यांनी ग्रंथालयाचं सूचीपत्र पाठ करावं.

त्या मुलाने तक्ता फाडला नाही (बाबांच्या कष्टांची कदर होती त्याला), पण कादंबरी पहिल्यापासून वाचली. चार महिन्यांनी दीड पान लिहून आणलं. त्यातलं एक वाक्य मी माझ्या वहीत उतरवून ठेवलंय: ‘यमू लहानपणीच्या गमती सांगते तेव्हा तिला पुढचं सगळं माहीत असतं, आणि तरी ती गमती सांगते.’ पोरगा पंधरा वर्षांचा होता.

कालक्रमाचा हट्ट

एका घरी जूनमध्ये ज्ञानेश्वरीपासून सुरुवात झाली, कारण ‘पायापासून शिकवायचं’. पहिल्या वीस ओव्या गणेशाच्या वर्णनाच्या. दिवाळी आली तरी गणपती काही उठला नव्हता, आणि मुलीने मराठीचं पुस्तक दिसलं की न्हाणीघरात जायची सवय लावून घेतली. मी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रापासून सुरू करते. लक्ष्मीबाई टिळक बोलल्यासारखं लिहितात. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचा कहर वाचताना मुलं खिदळतात, आणि खिदळता खिदळता जुनी भाषा कानात बसते. तिथून मागे ज्ञानेश्वरीकडे जाता येतं. वाट उलटी असली म्हणून बिघडत नाही.

प्रत्येक शब्दाला शब्दकोश

नको. आधी अंदाज, मग पुढचं वाक्य, तरी अडलं तर मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश.

आईने ‘जरासा’ सुधारलेला निबंध

शाळेत निदान चाळीस मुलांत एक बाई असतात, त्यांना वेळ नसतो. घरी एका मुलीमागे एक आख्खी आई असते. ‘बनगरवाडी’वर एकीचा निबंध आला होता. पहिलं वाक्य: ‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे.’ दुसरं: ‘या कादंबरीत ग्रामीण जीवनाचे विदारक चित्रण आढळते.’ त्या महिन्यात हा आरसा मी तिसऱ्यांदा पाहत होते. मुलगी खाली मान घालून म्हणाली, “सुरुवात आईने केली.” मी कच्चा कागद मागितला. दप्तरातून चुरगळलेला निघाला. त्यावर पेन्सिलने लिहिलं होतं: ‘मास्तर आला तेव्हा शाळेत पोरं नव्हती, आणि तो गेला तेव्हा गावच नव्हतं.’

आईने यावर काट मारून शेजारी लिहिलं होतं, ‘प्रस्तावना कुठे आहे?’

अहो, तीच प्रस्तावना! सगळी कादंबरी त्या ओळीत आहे: ओस शाळा, हळूहळू जमलेला विश्वास, सगळ्यांनी मिळून बांधलेली तालीम, मग दुष्काळ. मुलीने पुढचा निबंध या ओळीच्या आधाराने लिहायचा होता: हे कसं घडलं आणि मास्तराचं यात काय गेलं. आईला तो निबंध वाटला नाही, कारण आपल्या डोक्यात दहावीच्या गाइडमधला निबंध बसलाय: प्रस्तावना, मुद्दे, सुभाषित, समारोप.

तेव्हापासून माझा नियम आहे. पहिल्या वाक्यात पुस्तकात घडलेली एखादी गोष्ट हवी. आरसा, काळाची गरज, सुवर्णाक्षरं, ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’, हे शब्द माझ्या फ्रिजवर चिकटवलेल्या यादीत आहेत. वापरला की चहाची भांडी घासायची. आणि कच्चा कागद पक्क्या कागदाला टाचून आणायचा. यंत्राकडून लिहून आणलेला निबंध इथेच पकडला जातो, कारण त्याला चुरगळलेला कागद नसतो.

नमुना म्हणून मी गाइड देत नाही. मुक्ता साळवेंचा निबंध देते. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली मुलगी, साधारण चौदा वर्षांची; निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला, विषय मांग-महारांचं दुःख. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमच्याकडे धर्मपुस्तकच नाही, मग आमचा धर्म कोणता, असा बिनतोड सवाल ती करते. डोक्यावर छप्पर नसताना, पावसाथंडीत बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल ती मांडते. मत आहे आणि मताखाली डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आमच्या टेबलावर हा निबंध वाचून झाला की बराच वेळ कुणी बिस्किटाला हात लावत नाही.

पहिल्याच खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घ

लाल पेन कपाटात ठेवा. खर्ड्यावर मी फक्त दोन प्रश्न लिहिते: ‘हे कुठल्या पानावर?’ आणि ‘मग काय झालं?’ वेलांट्या शेवटच्या प्रतीत, त्याही मुलाने स्वतः शोधायच्या.

‘लहानपणीच वाचलंय’

‘श्यामची आई’ आठव्या वर्षी ऐकलेली असते, म्हणून पंधराव्या वर्षी यादीतून कटाप. साने गुरुजींनी ती नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तरुण वयाच्या माणसाने आईच्या आठवणी सांगितल्या त्या कैदेत बसून, हे आठव्या वर्षी कुणाला कळतं? पुन्हा वाचायला द्या. यंदा मी दिली तेव्हा त्या ‘बनगरवाडी’वाल्या मुलीने तोंड वाकडं केलं, घेऊन गेली, आणि मंगळवारी रात्री साडेदहाला तिच्या आईचा फोन आला: “काकू, ती रडतेय. आता मी काय करू?”

म्हटलं, काही करू नका. पेन्सिल कुठे ठेवलीये तेवढं सांगा तिला.