प्रस्ताव लिहायला बसण्यापूर्वी

अनुदानाच्या अर्जाची मुदत जवळ आली की स्वयंसेवी संस्थांमध्ये सगळे आधी मजकूर लिहायला घेतात. मजकूर राहू द्या, आधी कागद गोळा करा: नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना, विश्वस्तांची यादी, लेखापरीक्षण झालेले ताळेबंद आणि अर्जाला मंजुरी देणारा ठराव. ठराव सर्वात आधी, कारण सही करणारे नेमके शेवटच्या आठवड्यात बाहेरगावी असतात. बँक खात्यावरचे आणि प्रमाणपत्रावरचे नाव तंतोतंत जुळते ना, तेही बघून घ्या.

अनुदान देणाऱ्यांचे वार्षिक अहवाल चाळा. कोणाला, कशासाठी आणि साधारण किती दिले, हे त्यातून कळते. छोट्या रकमा देणाऱ्याकडे एकदम दसपट मागणे म्हणजे अर्ज वाया घालवणे.

आता बजेट, आणि इथे घाई नको. मजकुरात 40 शिक्षकांचे प्रशिक्षण आणि बजेटमध्ये प्रवासखर्च 30 जणांचा, असली तफावत छाननी करणाऱ्याच्या चटकन लक्षात येते. म्हणून प्रत्येक कामापुढे खर्चाची ओळ आणि प्रत्येक ओळीपुढे काम लिहून ताळा करा. हिशेबनिसाचा वेळ, कार्यालयाचे भाडे, ऑडिटची फी हेही प्रकल्पाचेच खर्च. ‘काटकसरी दिसू’ म्हणून ते लपवणाऱ्या संस्था पुढे वर्षभर पदरमोड करतात. मला तरी यात कसलेच शहाणपण दिसत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा नियमावलीत नसेल, तर सरळ विचारा.

किती शिबिरे घेणार हे सगळेच लिहितात. त्याने लोकांच्या आयुष्यात काय बदलेल आणि ते मोजणार कसे, हे ठरवा. त्यासाठी आजची स्थिती काम सुरू होण्याआधीच नोंदवावी लागते. नंतर तुलनेला काही उरत नाही.

खाजगी देणगीदारांचे गणित वेगळे. जुन्या देणगीदारांची यादी अद्ययावत हवी: शेवटची देणगी कधी, पावती गेली का, पैशाचे काय झाले हे कळवले का. कळवले नसेल तर आधी ते पत्र, मागणी त्यानंतर. विश्वस्तांनी स्वतः काही दिले आहे का, हा प्रश्न मोठा देणगीदार विचारतोच. विशिष्ट कामासाठी आलेला पैसा हिशेबात वेगळा दाखवा. नुसते आश्वासन मिळालेली रक्कम जमेत धरू नका. लाभार्थींचे फोटो वापरणार असाल तर त्यांची संमती घेतलेली असावी.

मजकूर झाला की सारांश संस्थेबाहेरच्या कोणाला तरी वाचायला द्या. पोर्टलची शब्दमर्यादा आणि फाइलचा आकार आधीच तपासा, आणि अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी भरून पोच जपून ठेवा.