जंत औषधाआधी चारा आवरा

मेंढ्यांना जंतांसाठी पाजली जाणारी अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही औषधे पाण्यात फारशी विरघळत नाहीत. ती कोटीपोटात (चार पोटांपैकी पहिल्या, मोठ्या पोटात) साठतात आणि तिथून हळूहळू पुढे सरकत शोषली जातात. तिथले जिवाणू यकृताने बदललेल्या औषधाचा काही भाग पुन्हा मूळ, जंतांना अधिक चिकटणाऱ्या रूपात आणतात. म्हणून औषध पोटात जितके जास्त थांबेल तितके बरे. लुसलुशीत हिरवा चारा भरपेट खाल्लेल्या मेंढीत ते भराभर पुढे जाते आणि मात्रा बरोबर असूनही जंत वाचतात.

निरोगी मेंढ्यांचा चारा औषधाआधी १२ ते २४ तास बंद ठेवा, पाणी मात्र कधीच तोडू नका. पाजल्यावरही चारेक तास चारा नको. नळी जिभेच्या मुळापर्यंत न्या; तोंडात पुढेच सोडलेले औषध कधीकधी कोटीपोट चुकवून थेट चौथ्या पोटात उतरते.

शेवटच्या दिवसांतली गाभण, अशक्त किंवा आजारी मेंढी उपाशी ठेवू नका. जुळी पोटात असतील तर जिवावरच बेतते. लेव्हामिसोल या दुसऱ्या जंतनाशकाला उपासाचा फायदा नाही. तिथे वजन करूनच मात्रा ठरवा, कारण जास्त झाल्यास विषबाधा लवकर होते.